पहिलं येण्याची किंमत

शंकेखोर : इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला की सगळे नॉर्वेचं नाव घेतात. 2024 साली तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे 89 टक्के निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या होत्या, हे मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. पण एस्टोनियाचं काय झालं, हे कोणी सांगत नाही. तेरा-चौदा लाख वस्तीचा देश. 2011च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची लोकसंख्या याहून जास्त होती. या देशाने 20 फेब्रुवारी 2013 रोजी जलद चार्जिंगचं देशव्यापी जाळं सुरू केलं. एखाद्या राष्ट्राने अख्ख्या भूभागावर असं जाळं विणण्याची जगातली ती पहिली वेळ. 165 चार्जर बसवले. मुख्य रस्त्याने निघालं की साठेक किलोमीटरच्या आत पुढचा चार्जर यायचाच, आणि अर्ध्या तासात गाडी बरीचशी भरायची. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 18,000 युरो, सरकार देत होतं. एवढं करून काय झालं? 2014 साली अनुदानाचे पैसे संपले आणि विक्री कोसळली. दहा वर्षांनीही तिथे नव्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रिकचा वाटा एक आकडी टक्क्यांतच होता. ‘चार्जर लावा, गाड्या आपोआप येतील’ असं सांगणाऱ्यांनी या देशाकडे एकदा नीट बघावं.

पुरस्कर्ता : बघूच या. पण ती योजना आली कुठून, हे सांगितल्याशिवाय तिला नापास करणं बरोबर नाही. क्योटो करारात लक्ष्य ठरवून घेतलेल्या बहुतेक देशांचं प्रदूषण 1990च्या आकड्याशी ताडून मोजत होते. सोव्हिएत संघ कोसळला, त्याबरोबर एस्टोनियातले कारखानेही बंद पडले आणि उत्सर्जन निम्म्यावर आलं. त्यामुळे करारात मिळालेल्या उत्सर्जनाच्या हक्कांपैकी बरेच शिल्लक राहिले. 2011 साली त्यांतले एक कोटी हक्क जपानच्या मित्सुबिशी कॉर्पोरेशनला विकले आणि मोबदल्यात 507 छोट्या इलेक्ट्रिक गाड्या, चार्जिंगच्या जाळ्यासाठी पैसा आणि खासगी खरेदीदारांसाठी अनुदान मिळवलं. म्हणजे नागरिकांच्या खिशात हात न घालता एका देशाने मोठा प्रयोग केला. त्या 507 गाड्या कोणा अधिकाऱ्यांच्या दिमतीला दिल्या नाहीत. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची विचारपूस करणाऱ्या समाजसेवकांना दिल्या. या मंडळींची फेरी रोजची, ठरलेली, थोड्या अंतराची. इलेक्ट्रिक गाडीला याहून योग्य काम सांगा.

शंकेखोर : काम योग्य होतं, गाडी योग्य नव्हती. मित्सुबिशीच्या त्या आय-मीव्ह गाडीत बॅटरी 16 युनिटची. आजच्या साध्या इलेक्ट्रिक गाडीत तिच्या तिप्पट-चौपट असते. कागदावर ती एका चार्जमध्ये दीडशे किलोमीटर जायची. आता जानेवारीतला एस्टोनिया डोळ्यांपुढे आणा. तापमान उणे पंधरा, कधी उणे वीस. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, आणि तीच वाया जाणारी उष्णता फुकटात गाडी ऊबदार ठेवते. इलेक्ट्रिक गाडीत ही ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते. थंडीने बॅटरी आधीच मंदावलेली असते, त्यात हीटर लावला की रेंज अर्ध्यावर. मग गावोगाव फिरणाऱ्या बाईपुढे दोनच वाटा उरतात : हीटर लावून शेवटच्या घरापर्यंत पोचेन की नाही याची धाकधूक बाळगायची, नाहीतर हीटर बंद करून कोटात, हातमोज्यांत गाडी चालवायची. समोरची काच आतून धुरकटते, ती वेगळीच. त्या बाईला हे सोसायला सांगायचं आणि आकडेवारीत ‘देशात इलेक्ट्रिक गाड्यांचा प्रसार’ असं लिहायचं, यात मला न्याय दिसत नाही.

आणि सौदाही नीट पाहा. हक्क विकत घेतले जपानी कंपनीने, गाड्या आल्या त्याच कंपनीच्या घराण्यातून, आणि रस्त्यावरच्या जलद चार्जरला जोडणी होती चाडेमो या जपानी मानकाची. पुढे 2014च्या निर्देशाने युरोपीय संघाने जलद चार्जिंगसाठी सीसीएस ही दुसरीच जोडणी स्वीकारली. जो देश पहिला धावला, त्याच्याच हातात जुना प्लग राहिला. मोटारी न बनवणाऱ्या, ज्याच्या बाजारपेठेची कोणी दखल घेत नाही अशा छोट्या देशाने जगाच्या शिकण्याचा खर्च का उचलावा? पाच-सात वर्षं थांबला असता तर तेवढ्याच पैशांत चांगली गाडी आणि योग्य प्लग मिळाला असता.

पुरस्कर्ता : आणि सगळेच थांबले असते तर? चांगली गाडी सात वर्षांनी आली, कारण आधीची वाईट गाडी कोणीतरी विकत घेतली. बॅटरी स्वस्त झाली ती कारखान्यांत लाखोंनी बनल्यामुळे, आणि लाखोंनी बनायला आधी हजारोंनी खपावी लागते. नॉर्वेही मोटारी बनवणारा देश नाही, त्याची लोकसंख्याही पंचावन्न लाखच. तरी 2013-14च्या सुमारास निसान आणि टेस्ला यांच्यासाठी तो छोटा बाजार फार मोलाचा होता. तेव्हा छोट्या देशाला काही वजनच नसतं, हे मला पटत नाही.

पण तुमच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे, तिच्यापाशी थांबू या. दोन्ही देश छोटे, दोन्ही थंड, दोन्हीकडे सरकारने मनापासून जोर लावला. मग एकीकडे जमलं आणि दुसरीकडे का नाही? माझ्या मते कारण बॅटरीत नाही, करात आहे. नॉर्वेत मोटारीवर पूर्वीपासूनच जबर कर होता, नोंदणीचा वेगळा आणि 25 टक्के व्हॅट वेगळा. 1989 साली बेलोना या पर्यावरण संस्थेचा फ्रेडरिक हाउगे आणि ‘आ-हा’ या पॉप गटातले दोन गायक-वादक एक विजेवर चालणारी फियाट पांडा देशात घेऊन आले आणि टोल न भरता ओस्लोत हिंडू लागले. दंड साचला, गाडी जप्त झाली, तिचा लिलाव झाला, पण प्रश्न चव्हाट्यावर आला. 1990 साली नोंदणी कर माफ झाला, 1997 साली टोल, 2001 साली व्हॅट. 2005 साली बसच्या राखीव मार्गिकेतून जायची मुभा देशभर मिळाली. सरकारं बदलली, सवलती टिकल्या. त्यातल्या बहुतेक सवलतींसाठी तिजोरीतून रोख काही काढावं लागलं नाही, जे घेत होते ते फक्त घेणं थांबवलं. एस्टोनियात मोटारीवर वेगळा करच नव्हता. संपूर्ण युरोपीय संघात असे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे तिथे माफ करायला काही उरलंच नव्हतं, खिशातून द्यावं लागत होतं. देणं थांबलं त्या दिवशी पेट्रोलची गाडी पुन्हा स्वस्त झाली. पहिलं येणं चुकलं असं मी म्हणणार नाही, टिकण्याची सोय न करता पहिलं येणं चुकलं.

शंकेखोर : कराचा मुद्दा मान्य. पण तो पुढे नेला तर तुम्हालाच जड जाईल. करमाफी रोख जात नाही म्हणून तिजोरीला ती दिसत नाही, खर्च मात्र होतोच. नॉर्वेजवळ उत्तर समुद्राचं तेल आहे, त्या तेलाचा अवाढव्य निधी आहे. त्याला हे परवडलं. आणि शेवटी त्यालाही 2023 साली पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅट लावावा लागला. बसच्या मार्गिका इलेक्ट्रिक गाड्यांनीच तुंबू लागल्या, तेव्हा ओस्लोच्या परिसरात त्या सवलतीलाही मुरड घालावी लागली.

आता एस्टोनियात उशिरा का होईना, तुम्हाला हवा तो कर आला. 1 जानेवारी 2025पासून नोंदणीवर एकदा आणि नंतर दरवर्षी. इलेक्ट्रिक गाडीला कमी, जास्त धूर ओकणाऱ्या गाडीला जास्त. मग काय झालं? संसदेने कायदा मंजूर केला, तर अपंगांवर अन्याय होतो म्हणून राष्ट्राध्यक्ष आलार कारिस यांनी 2024च्या उन्हाळ्यात त्यावर सही करायला नकार दिला. दुरुस्ती करून तो पुन्हा आणावा लागला. लोकांचा राग समजण्यासारखा होता. त्या देशातल्या मोटारींचं सरासरी वय सोळा-सतरा वर्षं आहे, युरोपीय संघातल्या सर्वांत जुन्या ताफ्यांपैकी एक. राजधानी तालिनबाहेर, व्होरूकडच्या एखाद्या पाड्यात राहणाऱ्या माणसाकडे दिवसातून एखादी बस आणि अठरा वर्षांची डिझेल गाडी, एवढंच असतं. ती गाडी त्याने हौसेने ठेवलेली नाही. धूर तीच जास्त सोडते, म्हणून करही तिलाच जास्त. आणि नवी कोरी गाडी कर्जावर घेऊ शकणाऱ्या तालिनकराला सवलत! गरिबाकडून घेऊन सधनाला देणारी पर्यावरणनीती किती दिवस टिकेल? मुळात ती टिकावी तरी का?

पुरस्कर्ता : हा तुमचा सर्वांत भारी मुद्दा आहे, मी तो उडवून लावणार नाही. पण त्या व्होरूच्या माणसाची पुढची गाडी कुठून येणार आहे, याचा विचार करा. तो शोरूममध्ये जाणार नाही. तो जर्मनीतून किंवा शेजारच्या देशांतून आलेली सात-आठ वर्षं वापरलेली गाडी घेणार. एस्टोनियाचा मोटारबाजार मुख्यतः सेकंडहँड आहे. म्हणजे त्याला 2035 साली काय विकत मिळेल, हे आज तालिनमधला सधन माणूस काय घेतो आणि म्युनिकमधली कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना काय देते, यावर ठरतंय. आज इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या नाहीत, तर दहा वर्षांनी त्याच्यापुढे पर्याय एकच, आणखी एक जुनी डिझेल. तोवर डिझेलही महाग झालेलं असेल. नवी गाडी घेणाऱ्याला दिलेली सवलत तिथेच थांबत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत उतरते.

आणि एस्टोनिया 2014च्या अनुभवातून शिकलाच नाही, असंही नाही. काही वर्षांनी अनुदान परत आलं, या वेळी 5,000 युरोचं. अट अशी होती की चार वर्षांत गाडी किमान 80,000 किलोमीटर पळलीच पाहिजे, आणि त्यातली बहुतेक धाव देशाच्या हद्दीत. घरात शोभेला ठेवलेल्या दुसऱ्या गाडीला पैसे मिळणार नव्हते. टॅक्सी, घरपोच सामान पोचवणारे, रोज शंभर किलोमीटर तुडवणारे यांना मिळणार होते. एक लिटर पेट्रोल वाचवायला सरकारचा किती पैसा लागतो, असा हिशोब मांडला तर ही अट फार शहाणपणाची होती.

शंकेखोर : ती अट मला उलट खटकते. ज्याला कमी फिरायचंय त्याला आपण नाही म्हणतो आणि भरपूर फिरणाऱ्याला बक्षीस देतो. माणसं मोटारीतून उतरावीत यासाठी तालिनने जानेवारी 2013पासून आपल्या नोंदणीकृत रहिवाशांना बस-ट्राम मोफत केली. तिथेही अनुभव असा की पायी जाणारे बसमध्ये चढले, मोटारवाले त्या मानाने थोडेच उतरले. मोटारीची सवय मोडणं इतकं अवघड असताना आपण मोटारीला नवं इंजिन देऊन ती सवय आणखी पक्की करतो.

पण ते बाजूला ठेवू, कारण खेड्यात मोटारीला पर्याय नाही हे मीच आत्ता म्हटलं. मला विजेवर यायचंय. 2013 साली या चार्जरमध्ये वाहणारी वीज कशाची होती? ऑइल शेलची. ईशान्येला नार्व्हाजवळ जमिनीखाली तेल मुरलेला खडक आहे. तो खणायचा, दळायचा आणि कोळशासारखा जाळायचा. त्या काळी देशात तयार होणाऱ्या विजेचा फार मोठा भाग यातून येई. हा खडक जाळला की कोळशाहूनही जास्त कार्बन सुटतो आणि निम्म्याच्या आसपास राख उरते. त्या राखेचे डोंगर तिथे उभे आहेत. चार्जिंगच्या जाळ्यासाठी अक्षय्य ऊर्जेची प्रमाणपत्रं घेतली, असं सांगतात. प्रमाणपत्राने तारेतला इलेक्ट्रॉन बदलत नाही. त्या वर्षी तालिनमध्ये इलेक्ट्रिक गाडी चालवणारा धूर बंद करत नव्हता, तो दोनशे किलोमीटर पूर्वेला पाठवत होता. आणि कोणाकडे? देशातल्या गरीब आणि मुख्यतः रशियन बोलणाऱ्या जिल्ह्याकडे.

पुरस्कर्ता : 2013 पुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. पण गाडी एका वर्षासाठी घेत नाहीत. आज रस्त्यावर आलेली गाडी त्या देशाच्या सवयीप्रमाणे वीस वर्षं पळेल. पेट्रोलची गाडी पहिल्या दिवशी जेवढी मळकट तेवढीच विसाव्या वर्षी, जास्तच म्हणा. इलेक्ट्रिक गाडी दरवर्षी ग्रिडबरोबर सुधारते. आणि एस्टोनियाचं ग्रिड खरोखर बदललं. कार्बनची किंमत वाढली तसं शेल जाळणं परवडेना, वारा आणि सौर वाढले. 2035पर्यंत शेलची वीज बंद करायचं ध्येय आहे. गाडी आज आणि ग्रिड उद्या, या दोन घड्याळांत अंतर आहे खरं. पण गाडी ग्रिडची वाट पाहत बसली, तर मधल्या काळात विकली गेलेली प्रत्येक पेट्रोलची गाडी पुढची वीस वर्षं बांधून ठेवते.

दुसरं, पेट्रोल तरी कुठून येतं? एस्टोनियात पेट्रोल बनवणारी एकही रिफायनरी नाही. लिथुआनियातलं माझेइकियाई नाहीतर समुद्रापलीकडचा फिनलंड. वीज निदान अंशतः स्वतःची आहे. 2025च्या फेब्रुवारीत तीनही बाल्टिक देशांनी रशियाच्या ग्रिडशी असलेली सोव्हिएतकालीन जोडणी तोडली आणि ते युरोप खंडाच्या ग्रिडला जोडले गेले. ज्या देशाने विजेच्या स्वातंत्र्यासाठी एवढी जोखीम पत्करली, त्याने चाकांचं स्वातंत्र्य मात्र पेट्रोलवर सोपवावं का?

शंकेखोर : त्याच जोखमीबद्दल बोलू. त्याच्या दीड महिना आधी, 2024च्या ख्रिसमसला, फिनलंडहून येणारी एस्टलिंक-2 ही समुद्राखालची तार तुटली. दुरुस्तीला सहा महिने लागले. 17 ऑगस्ट 2022 रोजी संध्याकाळी एका तासापुरता बाल्टिक बाजारात विजेचा भाव मेगावॅट-तासाला 4,000 युरो झाला, म्हणजे युनिटला चार युरो. बाजारभावाने वीज घेणाऱ्या माणसाने त्या तासात गाडीत दहा युनिट भरली असती, तर चाळीस युरो गेले असते. छोट्या ग्रिडवर स्वयंपाक आणि घर तापवणं आहेच, त्यात देशाची सगळी वाहतूकही टाकायची, ही मला धाडसाची गोष्ट वाटते.

पुरस्कर्ता : संध्याकाळी सहा ते सात गाडी भरायची काही गरज नसते, हेच तर तिचं बलस्थान आहे. गाडी रात्रभर उभी असते. तिथे ग्राहकाला दुसऱ्या दिवसाचे भाव आदल्या दुपारीच फोनवर कळतात. रात्री तीन वाजता किंवा उन्हाळ्यातल्या दुपारी वीज बरेचदा खूप स्वस्त असते, कधी भाव शून्याखाली जातो. चार्जरला वेळ लावून दिली की काम झालं. घराचा हीटर असा पुढे ढकलता येत नाही, गाडी येते. नीट बसवली तर ती ग्रिडवरचा भार हलका करते.

शंकेखोर : नीट बसवली तर. तुमच्या वाक्यातली गाडी रात्रभर स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या प्लगपाशी उभी आहे. एस्टोनियातली बहुसंख्य माणसं फ्लॅटमध्ये राहतात. तालिनमधलं लास्नामाए घ्या. सोव्हिएत काळातल्या काँक्रीटच्या पॅनेलच्या इमारती, लाखावर वस्ती, आणि गाड्या इमारतीसमोरच्या उघड्या जागेत, जिथे मिळेल तिथे. 165 चार्जर महामार्गांवर आणि शहरांत होते, आणि माणसाला चार्जर हवा होता झोपतो तिथे. 2018पासून तिथे कायद्याने प्रत्येक इमारतीची फ्लॅटधारकांची संस्था असते. आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभेत चार्जरचा विषय आला की काय होतं, ते मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगायला नको. तिथेही तेच. इमारतीत साठ घरं, इलेक्ट्रिक गाड्या तीन. जोडभार वाढवायचा, अंगण खणून केबल टाकायची, त्याचा खर्च कोणाच्या वर्गणीतून?

पुरस्कर्ता : इथे मी तुमच्याबरोबर आहे, आणि माझं मत थोडं बदलूनही तुमच्याबरोबर आहे. मला आता वाटतं, गाडीच्या किमतीत दिलेला प्रत्येक युरो वीस वर्षांत भंगारात जातो, अंगणात पुरलेली केबल चाळीस वर्षं राहते. प्लग बदलला तरी केबल बदलावी लागत नाही. युरोपीय संघाच्या 2024च्या निर्देशाने नव्या इमारतींत चार्जिंगची तार घालून ठेवणं सक्तीचं केलं. पण लास्नामाएतल्या इमारती नव्या नाहीत. त्यामुळे सरकारी पैसा तिथेच गेला पाहिजे. इमारतीच्या उष्णतारोधक दुरुस्त्यांना एस्टोनिया वर्षानुवर्षं मदत देतो, त्याच कामात केबलही जोडून घ्यावी.

शंकेखोर : आणि साठ घरांतल्या सत्तावन्न जणांनी सभेत नकार दिला तर? त्यांत पेन्शनवर जगणाऱ्या, कधीच गाडी न घेणाऱ्या बायका आहेत. सरकार सगळा खर्च देणार नाही, थोडा वाटा त्यांच्यावर येणारच. त्यांनी तीन शेजाऱ्यांच्या गाड्यांसाठी तो का द्यावा?

पुरस्कर्ता : लिफ्टचा खर्च पहिल्या मजल्यावरचेही देतातच.

शंकेखोर : लिफ्ट त्यांच्या घराची किंमत वाढवते, आणि म्हातारपणी किंवा पाहुणा आला तर वापरतातही. केबल वाढवेल किंमत, पण ती वाढ मिळेल फ्लॅट विकणाऱ्याला. त्या बाईला तिथेच राहायचंय. नियम करून तिच्याकडून वसूल करता येईल, नाही असं नाही. पण मग व्होरूच्या डिझेलवाल्याला कर लावताना जो प्रश्न मी विचारला, तोच इथे पुन्हा उभा राहतो, फक्त माणूस बदलतो.

पुरस्कर्ता : मग उलट बाजूने विचारतो. खर्च फक्त गाडीवाल्या तिघांवर टाकला, तर ते गाडी घेणारच नाहीत, आणि चौथा कधी येणारच नाही. जोवर तिघेच आहेत तोवर तिघांसाठी केबल महाग, आणि केबल नाही तोवर तिघेच राहणार. ही गाठ कुठून तरी कापावी लागते. कापणारा पहिला असतो आणि पहिल्याला जास्त पैसे पडतातच. पण 2035नंतर नव्या मोटारींतून कार्बन नको, हा नियम युरोपीय संघाने 2023 साली केला, आणि 2025च्या शेवटी आयोगानेच तो सैल करायचा प्रस्ताव मांडला. ज्या तारखेच्या भरवशावर त्या बाईला मी वर्गणी मागणार होतो, ती तारीखच हलायला लागली, हे मला कबूल केलं पाहिजे.

शंकेखोर : म्हणून मी म्हणतो, आधी तारीख पक्की करा, मग वर्गणी मागा.

पुरस्कर्ता : आणि मी म्हणतो, लास्नामाएसारख्या वस्त्यांत लोकांनी गाड्या घेतल्याच नाहीत, तर ती तारीख पक्की करायची राजकीय हिंमत कोणालाच होणार नाही.